टाळ्या झाल्या, आता मागच्या घोषणांचं काय झालं ते पण वाचून दाखवा

महापालिकेच्या महासभेचं लाइव्ह मी हल्ली नियमाने बघतो, घरचे हसतात पण बघतो. आमच्या शहराचं नाव टाकत नाही कारण मग पोस्ट त्या पक्षाची की ह्या पक्षाची एवढ्यावरच चर्चा होईल, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी फार फरक पडणार नाही. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. काही ठिकाणी २०२० पासून, बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून प्रशासक बसलेला होता, मग १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं आणि सभागृहांची कुलपं निघाली. एवढी वर्षं ठराव करणारा पण तोच आणि अंमल करणारा पण तोच, असा एकखांबी कारभार होता. त्यामुळे सभा परत भरायला लागल्या ह्याचा मला मनापासून आनंद आहे, आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला सभागृहाचा शत्रू ठरवायला नको.

तर सभेची सुरुवात कशी होते हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. आधी दुखवट्याचे ठराव, मग अभिनंदनाचे ठराव. दुखवटा मोठा असेल तर सभा तहकूब, पुढची तारीख. नसेल तर अभिनंदन चालू. शहरातल्या खेळाडूला मेडल मिळालं, अभिनंदन. कुणाला राज्य शासनाचा पुरस्कार, अभिनंदन. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, आपल्या माणसाचं कौतुक आपल्या सभागृहात नाही करायचं तर कुठे करायचं. गडबड ह्याच्या पुढे होते, जेव्हा महापालिका स्वतःचंच अभिनंदन करायला लागते. अमुक कोटींच्या योजनेला मान्यता मिळाली, अभिनंदन. निधी मंजूर झाला, बाकं वाजवा. ठेकेदाराला काम सुरू करायचा कार्यादेश निघाला, परत वाजवा. एकाच कामाचा साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण सगळं वेगवेगळं साजरं होतं आणि आहेर दर वेळी आपल्याच खिशातून जातो.

एखाद्या पाण्याच्या योजनेचंच बघा. आधी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग स्थायी समितीची मंजुरी, मग कार्यादेश, मग भूमिपूजन. इथपर्यंत जमिनीत एक फूट पाइप गेलेला नसतो आणि पेपरात मात्र चार वेळा फोटो येऊन गेलेले असतात. त्यानंतर खोदाई, पाइप, टाकी, पंप, टेस्टिंग, लाइन चार्ज करणं म्हणजे तिच्यात पाणी सोडणं, घरोघरची कनेक्शनं, आणि मग कुठे नळाला पाणी. सभेत "योजना मार्गी लागली" असं सांगतात तेव्हा ह्यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर आहे हे कुणी सांगत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी विचारत नाही.

मागे एका सभेत एका नगरसेविकेने विचारलं, तेवढा भाग मी परत परत ऐकला. तिने उभं राहून एवढंच विचारलं की माझ्या प्रभागातली लाइन पूर्ण झाली असं निवेदनात आलंय, पण नळ तर कोरडा आहे. अधिकारी म्हणाले, "ताई, लाइन टाकून पूर्ण झालीये." ती म्हणाली, "आणि पाणी?" तर उत्तर, "चार्जिंग बाकी आहे." "का बाकी आहे?" "टाकीला जोडणारा मधला तुकडा बाकी आहे, तिथे रस्त्याची परवानगी बाकी आहे." आता हे सगळं खरं होतं, अधिकारी खोटं काही बोलले नाहीत, लाइन खरंच टाकून झाली होती. फक्त ती कशालाच जोडलेली नव्हती. पीठासनावरून "प्रशासनाने नोंद घ्यावी" एवढं आलं आणि पुढचा विषय पुकारला. कुणाच्या भाषणापेक्षा त्या बाईचे ते तीन छोटे प्रश्न मला जास्त मोलाचे वाटले, पण दुसऱ्या दिवशी बातमी आली ती पुरस्काराची.

पुरस्कारावरून आठवलं, स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे केंद्र सरकार स्वच्छतेवरून शहरांना नंबर देतं ते. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेला हा प्रकार आता हजारो शहरांत चालतो, आणि नंबर आला की सभागृहात पेढे. मी ह्याची टिंगल करणाऱ्यांपैकी नाही. इंदूर २०१७ पासून ओळीने पहिलं येत राहिलं ते नुसत्या पोस्टरबाजीवर नाही, ओला सुका कचरा घरातच वेगळा करून घेण्याची शिस्त त्यांनी खरोखर लावली. आपल्याकडे सासवडसारख्या छोट्या नगरपरिषदेने २०२३ च्या सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत पहिला नंबर काढला, नवी मुंबई सातत्याने वरच्या नंबरात असते, ह्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण सभेत नंबर सांगताना तो कुठल्या गटातला हे गिळून टाकायचं, लोकसंख्येचा गट कुठला, देशात की विभागात की राज्यात, हे सांगायचंच नाही, आणि मागच्या वर्षीचा नंबर तर अजिबात काढायचा नाही, ह्याला काय म्हणायचं. चौदावे होतो ते एकविसावे झालो तरी "पहिल्या पंचवीसमध्ये स्थान कायम" असं निवेदन येऊ शकतं, आणि ते चूक पण नसतं!

पैशाच्या घोषणा तर त्याहून मजेशीर. बजेटमध्ये तरतूद केली म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. तरतूद म्हणजे खर्च नव्हे हो. कधीकधी नुसतं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं त्या कामाचं खातं, उघडं राहावं म्हणून टोकन रक्कम टाकून ठेवतात, आणि टाकलेली मोठी रक्कम पण वर्ष संपता संपता वर्गीकरण करून दुसऱ्याच कामाकडे वळते. ज्याला खरंच बघायचंय त्याने बजेटच्या पुस्तकात चालू वर्षाच्या अंदाजाचा रकाना सोडून मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघावा, सगळं नाटक तिथे उघडं पडतं. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसायला लागल्या, त्यामुळे हातात रोकड किती आणि घोषणा किती हा हिशोब तर आता जास्तच बघायला पाहिजे.

पुण्याचं उदाहरण सगळ्यांच्या समोरच घडलंय. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात समारंभ झाला, देशभर बातमी झाली. महापालिकेला बाजारातून पैसा उभा करता येणं ही साधी गोष्ट नाही, त्यासाठी हिशोब नीट लागतात, पतमानांकन लागतं, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण शेवटी ते कर्ज होतं. कर्ज मिळालं ह्याचा जल्लोष झाला, आणि ज्यासाठी घेतलं ती योजना मात्र ठरलेली मुदत उलटून गेली तरी चालूच राहिली. उलट कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून, जास्त वापराला जास्त दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं तेव्हा एवढा गाजावाजा झाला नव्हता. काम झाल्यावर लोकच बघायला आले.

पण घोषणेवर टाळ्या वाजवण्याचं सगळ्यात भयानक उदाहरण आपल्याकडचं नाहीये, अमेरिकेतलं आहे. मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर, तारीख २५ एप्रिल २०१४. शहर तेव्हा राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या ताब्यात होतं, म्हणजे आपल्या भाषेत प्रशासकच. पैसे वाचवायला डेट्रॉइटहून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायचं ठरलं, महापौरांनी समारंभात बटण दाबलं, सगळ्यांनी त्याच पाण्याचे ग्लास उंचावून फोटो काढले. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालायला लागतं ते घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं, लहान मुलांच्या रक्तापर्यंत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या इंजिनच्या कारखान्यात ते पाणी वापरणं बंद केलं कारण यंत्राचे भाग गंजायला लागले होते, आणि माणसं मात्र पीतच होती. मार्च २०१५ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ७ विरुद्ध १ मतांनी ठराव केला की नदीचं पाणी बंद करा. व्यवस्थापकाने तो धुडकावला. ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटी डेट्रॉइटचं पाणी परत घ्यावं लागलं.

ह्यात मला खुपतं ते असं की त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट एकच झाली, ती लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात झाली, आणि ती कुठलंही यश सांगणारी नव्हती, तक्रार होती. आपल्याकडे तक्रार करणाऱ्या नगरसेवकाला "विकासाला खोडा घालतात" म्हणायची पद्धत आहे. आणि सभागृहाने ठराव केला तरी तो टिकेलच असं आपल्याकडे पण नाही, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्तांना तो बेकायदेशीर वाटला तर विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे रवाना. १९४९ च्या महापालिका कायद्यात कलम ४५१ त्यासाठीच आहे. महापौर अडीच वर्षांचे आणि बरेचसे मानाचे. मग बिचाऱ्या सभागृहाच्या हातात अभिनंदनाशिवाय राहतं काय, असा प्रश्न मला एका मित्राने विचारला.

राहतं की! प्रश्न विचारणं राहतं. आणि मोजपट्टी पण तयार पडलीये, नवीन काही शोधायचं नाहीये. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्येच पाणी, मलनिःसारण, कचरा आणि पावसाळी गटारं ह्यांचे २८ निकष ठरवून दिलेत. माणशी रोज १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा, गळती आणि हिशोबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत, सगळ्या कनेक्शनांना मीटर, असे साधे आकडे. सभेत "आपण ह्या वर्षी इतक्या किलोमीटर लाइन टाकली" असं सांगण्यापेक्षा "मागच्या वर्षी गळती एवढी होती, आता एवढी आहे" असं एक वाक्य सांगा ना. गळती कमी करणं म्हणजे जुने व्हॉल्व्ह बदलणं, रात्री फिरून लिकेज शोधणं, बेकायदा जोड तोडणं. ह्यात नारळ फोडायला जागा नाही, कोनशिला नाही, म्हणून निवेदनात पण नाही. रात्री दोनला खड्ड्यात उतरून फुटलेली लाइन जोडणाऱ्या कामगाराच्या अभिनंदनाचा ठराव मी तरी अजून ऐकला नाही.

तसंच ३१ जुलैचं. त्याच १९४९ च्या कायद्याच्या कलम ६७ अ प्रमाणे आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, सांडपाणी, सगळं त्यात येतं, म्हणजे यशापयशाची खरी प्रगतिपुस्तिका हीच. ती येते कशी? जाडजूड, गुळगुळीत कागदावर, वर हिरवी झाडं, आणि चर्चा न होता ऐनवेळच्या विषयांच्या गर्दीत मंजूर. २००९ मध्ये क्षेत्रसभांचा कायदा पण झाला, प्रभागाच्या खालच्या पातळीवर लोकांनी जमून आपली कामं सांगायची, तो तर बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला.

मी आमच्या नगरसेवकांना भेटून एक अर्ज दिलाय. एवढंच मागितलंय की दर तीन महिन्यांनी महासभेत अभिनंदनाच्या ठरावांच्या आधी अनुपालन अहवाल वाचावा. मागच्या वर्षभरात सभागृहात आणि बजेटच्या भाषणात ज्या ज्या घोषणा झाल्या त्यांची यादी, प्रत्येकीपुढे ती कुठल्या पायरीवर आहे, खर्च किती झाला, आणि रखडली असेल तर कुणाकडे. "प्रगतीपथावर" हा शब्द चालणार नाही असं पण लिहिलंय, ते वाचून ते हसले. म्हणाले, दादा, विषय चांगला आहे पण ह्याच्यावर सही कोण करणार, आमच्या आधीच्यांच्या घोषणा पण निघतील आणि आमच्या पण. मी म्हटलं निघू द्या की, निम्म्या त्यांच्या निघतील, निम्म्या प्रशासकाच्या, तुमच्या तर अजून निघण्याइतक्या जुन्या पण झाल्या नाहीत. हे मात्र त्यांना पटल्यासारखं दिसलं. अर्जावर "चर्चेसाठी" असं लिहून ठेवलंय. ज्यांना आपापल्या प्रभागात असा अर्ज द्यायचाय त्यांनी सांगा, मजकूर पाठवतो, फक्त योजनांची नावं तेवढी तुमची घाला.