सेजविकची आरती आणि बेटचा हात

नाना सहा महिने लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला राहून आले, तेव्हापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. स्टॉकब्रिजच्या दफनभूमीत त्यांनी थिओडोर सेजविकच्या थडग्यापुढे हात जोडले. आता रोज संध्याकाळी आमच्यापुढे त्याची आरती.

"वकील असावा तर असा!" नानांनी कटिंगचा ग्लास वर धरला. "१७८१ साल. गुलाम बाई दारात येते, हा पठ्ठ्या केस घेतो, जिंकतो. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, आणि १७९९ ला थेट सभापती!"

"बाईचं नाव काय, नाना?" वसुधाताईंची तीस वर्षं कोर्टात गेली आहेत, साक्षीदाराला विचारावं तसंच विचारतात.

"ते... ममबेट."

"ती लोकांची हाक. नाव बेट. सुटल्यावर तिनं घेतलेलं नाव एलिझाबेथ फ्रीमन. आणि ती उगाच दारात आली नाही. मालकीण अॅश्लीबाई चुलीतलं तापलेलं फावडं घेऊन एका पोरीवर धावली, बेटनं मध्ये हात घातला. हिवाळाभर हात बरा झाला नाही. ती जखम झाकायची नाही. मालकिणीसमोर कुणी विचारलं, हाताला काय झालं गं, तर म्हणायची, बाईंनाच विचारा."

कट्टा एकदम गप्प. मला तर ते दोन शब्द सगळ्या निकालाहून मोठे वाटतात.

"पण ताई," बापू म्हणाला, "वकीलच नसता तर ती काय करणार होती?"

"मान्य. आणि वकिली झकासच केली त्यानं. दावा कसला लावला माहितीय? बळकावलेली वस्तू परत मिळवायचा. तुझी गाय कुणी बांधून ठेवली तर लावशील तसला. बेट आणि तिच्या जोडीचा गुलाम ब्रॉम यांना आणायला शेरीफ गेला, तर मालक अॅश्ली म्हणतो, ही माझी जन्माची नोकर माणसं, देत नाही. मग कोर्टापुढे प्रश्न उरला एकच, ब्रॉम आणि बेट ही दोघं त्याची मालमत्ता आहेत का? मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम म्हणतं, सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान. ज्यूरीनं दोघांना मोकळं केलं, वर ३० शिलिंग भरपाई. पण ते कलम कानावर पडल्यावर 'ह्यात मी पण आले' हे कळलं कुणाला? लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला. सेजविकला १७७३ पासून संधी होती. समतेचा ठराव त्यानं अॅश्लीच्याच घरी बसून लिहिला होता, बेट त्याच घरात राबत होती."

"काळ वेगळा होता हो!" नाना. त्यांचं हे वाक्य दर वादात येतं, पावसाळ्यातल्या छत्रीसारखं.

"बरं. १७९१ मध्ये पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत धाडायच्या कायद्याचा मसुदा करायला तिघांची समिती नेमली. त्यात तुमचा सेजविक. तो मसुदा अडला, १७९३ ला कायदा झाला तो सेनेटच्या मसुद्यातून, पण ह्यानं पेन उचललं होतंच ना?"

"ते राजकारण असतं. काळच तसा..."

"काळ तोच, नाना. तेव्हा बेट त्याच्याच घरी त्याची पोरं वाढवत होती."

नानांना उत्तर सुचेना, तेवढ्यात शिऱ्यानं जुनी उणीदुणी काढली. "नाना, तुमचं तरी काय वेगळं? सभासद होतात तेव्हा पाहुण्यांच्या गाड्यांसाठी भांडलात, सेक्रेटरी झालात आणि गेटला साखळी लावलीत!"

"साखळी सर्वानुमते लागली!"

"सर्व म्हणजे तुम्ही आणि वॉचमन."

हशा पिकला. नाना चिडून फोन काढून बसले. "मी तिचंही दर्शन घेतलंय. सेजविकांच्या कुटुंबातच पुरलंय तिला, १८२९ ला. हा बघा फोटो."

आम्ही सगळे वाकलो. फोटोत मधोमध नाना, पोटावर कॅमेऱ्याचा पट्टा, आणि त्यांच्या खांद्याआडून एका दगडाची जेमतेम चार बोटं कड.

"हा बेटचा?" ताईंनी विचारलं.

"हो, मागे... तोच."

"नाना, जरा सरकायचं होतं की हो!"

यावर नानांनाच पहिल्यांदा हसू फुटलं, आणि हातातला चहा सदऱ्यावर.