‘जरा अभ्यास करा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

आठ ते बारा वयाच्या मुलांसाठीच्या नव्या इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांवर मी लिहिलं, त्याखाली ‘एक जागरूक पालक’ या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून तीन दिवस गप्प बसले. काल रात्री ती पुन्हा वाचली आणि झोप उडाली, म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुस्तकं महाग आहेत, मराठी माध्यमातल्या मुलांचा मी विचारच केलेला नाही, युनिकॉर्न (एकशिंगी घोडे) वगैरे परदेशी खूळ आहे, महाभारतावर बेतलेल्या ‘अरू शाह’ या कादंबरीमालिकेच्या भागांची संख्या चुकली आहे, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी, ‘पांडवांना अमेरिकेतल्या मुली करून आपल्या महाभारताची टिंगल चालवली आहे आणि तुमच्यासारखे लोक टाळ्या वाजवतात. ताई, जरा अभ्यास करा.’

चूक आधी कबूल करते. अमेरिकन लेखिका रोशनी चोक्शी यांच्या या मालिकेचे भाग चार नाहीत, पाच आहेत. पहिला २०१८ साली आला आणि पाचवा २०२२ साली. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘तुमच्यासारखे लोक’. कोण हो हे लोक? आपली कधी भेट नाही, बोलणं नाही. माझा धाकटा भाऊ मला ताई म्हणतो, वाचनवर्गातली मुलं ताई म्हणतात. त्या शब्दात माया असते. तुमच्या वाक्यात तो मला खाली बसवायला आला आहे, आणि ते मला लागलं.

मी वाईची. चातुर्मासात माझी आजी श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप वाचायची. लाल कापडात बांधलेली पोथी, तिची सुटी पानं, बोटं लागून लागून तेलकट झालेले कोपरे. चार शेजारणी जमायच्या आणि मी आजीच्या मांडीला टेकून बसलेली असायचे. चार ओव्या झाल्या की ती चष्मा काढून पोथीवर ठेवायची आणि पुढचं स्वतःच्या शब्दांत सांगायची. बकासुराकडे निघालेल्या गाड्यात तिच्या गोष्टीत पुरणपोळ्यांची चळत असायची, शेजारी तुपाचा बुधला. एकचक्रानगरीची नदी म्हणजे आमची कृष्णा, आणि भीम बैल सोडून जेवायला बसायचा तो थेट गणपतीच्या घाटावर. व्यासांनी वाईचा घाट लिहिला नव्हता. म्हणून आजीने महाभारताची टिंगल केली असं म्हणायचं का? माझा अभ्यास तिथे सुरू झाला, सहाव्या वर्षी. तो करायला मला कुणी सांगावं लागत नाही.

आणि ‘पांडवांना मुली केलं’ हे मुळात चूक आहे. पुस्तकात पांडवांचे आत्मे या मुलींमध्ये पुन्हा जन्माला आले आहेत. पुनर्जन्म ही कल्पना आपल्याला परकी आहे का? पुरुष आणि बाई यांच्यातली रेघ महाभारताने स्वतःच किती वेळा पुसली आहे! अंबेचा शिखंडी होतो. खुद्द अर्जुन अज्ञातवासाचं वर्ष विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहतो, उत्तरेला नाच शिकवतो. आपल्या लोककलावंतांनी तर जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनातला कर्णही सर्वांसमोर आणला. शाहीर विठ्ठल उमपांनी ते आख्यान रंगवलं आणि महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. तिथे कुणाला टिंगल दिसली नाही. मग अटलांटातल्या अरू नावाच्या बारा वर्षांच्या मुलीपाशीच आपली भक्ती इतकी हळवी का होते?

तुम्ही पुस्तक वाचलं आहे का? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून मत बनवलेलं दिसतं. सुरुवातच ऐका. अरूची आई अटलांटातल्या एका संग्रहालयात काम करते, मायलेकी तिथेच राहतात. शाळेतली मुलं पैसेवाल्यांची, त्यांच्यावर छाप पाडायला अरू थापा मारते. सुट्टीत तिघं वर्गसोबती अचानक दारात उभे राहतात, ही स्पायडरमॅनच्या पायजम्यात. संग्रहालयातला शापित दिवा पेटवून दाखव म्हणतात. ती पेटवते. काळ थांबतो, आई जागच्या जागी थिजते. एका थापेची ही किंमत. संस्कार संस्कार म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

अकरा वर्षं दर रविवारी सकाळी मी मुलांचा वाचनवर्ग घेते. गेल्या पावसाळ्यात हे पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचलं. दहा वर्षांची एक मुलगी, जी गटात कधी तोंड उघडत नसे, तिने मध्येच थांबवलं. गोष्टीत अरूच्या जोडीला मिनी नावाची मुलगी आहे, तिच्याबद्दल ती विचारत होती. ‘मिनी धर्मराजाची मुलगी, म्हणजे ती युधिष्ठिर ना? मग तिला खोटं बोलताच येणार नाही.’ मी म्हटलं, घरी विचारून ये. पुढच्या रविवारी ती आजोबांकडून ‘नरो वा कुंजरो वा’ घेऊन आली. चप्पल काढायच्या आधी, दारातच, भिजलेली छत्री हातात धरून सांगत होती, ‘ताई, तोसुद्धा बोलला होता! आणि त्याचा रथ खाली टेकला!’ त्या आठवड्यात तिच्या घरी द्रोणपर्व निघालं ते या पुस्तकामुळे. तुम्ही ज्या संस्कृतीची काळजी करता ती त्या दारात उभी होती.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. किमतीचं म्हणाल तर ग्रंथालयं आहेत. मराठीत या वयासाठी नवी फँटसी किती येते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; माझ्या लेखाच्या शीर्षकातच ‘इंग्रजी’ हा शब्द होता, तो तुम्ही वाचला असेल असं धरून चालते. आणि ए. एफ. स्टेडमनच्या ‘स्कँडार’ या कादंबरीमालिकेतले युनिकॉर्न रक्ताला चटावलेले, हिंस्र आहेत. इंद्रधनुष्यी शेपटीची खेळणी नाहीत. हेही पान उघडलं असतं तर कळलं असतं.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. अनेकांनी तसं सुचवलं, पण मला ते पटत नाही. ‘अरू शाह’ची पहिली तीन प्रकरणं वाचा आणि मग पुन्हा लिहा. पुस्तक नाहीच आवडलं तर तसं लिहा, कडक लिहा, मी उत्तर देईन. फक्त ‘तुमच्यासारखे लोक’ नको.