हिमालय ५ कोटींचा, मग ग्रॅनाइट ५० कोटींचा कसा?

सध्या फिरणाऱ्या एका फॉरवर्डचं म्हणणं असं: हिमालय ५ कोटी वर्षांचा सांगतात आणि त्यातल्याच मंडीच्या ग्रॅनाइटचं वय ५० कोटी काढतात. म्हणजे वयमापन थोतांड, आणि दगडाच्या रसायनावरून खंडांच्या हालचाली सांगणं हे निव्वळ ज्योतिष.

आधी वयाचं बघू. दगड थिजतो कधी आणि पर्वत उभा राहतो कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वाड्याची तुळई नव्या बंगल्यात बसवली म्हणून बंगला जुना होत नाही, तुळईही नवी होत नाही. मंडीचा ग्रॅनाइट गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या उत्तर काठावर थिजला होता. पुढे भारत आशियावर आदळला तेव्हा तो आयताच त्यात सापडला.

वय मोजतात ते दगडातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं त्यावरून. मग ‘शिसं आधीपासूनच असेल तर?’ ग्रॅनाइटमधल्या झिरकॉन या खनिजाचा स्फटिक बनताना युरेनियम सामावून घेतो, शिशाला जवळपास थारा देत नाही. शिवाय घड्याळं दोन आहेत: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. मधे शिसं गळालं तर सहसा दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नाही. गंगोत्रीच्या ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचा गाभा अनेकदा फार जुना, वितळलेल्या मूळ खडकातून आलेला असतो. नवं कवच केसाहून बारीक. अख्खा कण विरघळवला तर भलतंच, मधलं वय येतं. म्हणून आयनांच्या झोताने फक्त कवच मोजतात, नाहीतर मोनाझाइट हे दुसरं खनिज घेतात. वय निघतं सुमारे २.३ कोटी वर्षं.

‘ग्रॅनाइट सगळा सारखाच’ हेही खोटं. लेहच्या ग्रॅनाइटात हॉर्नब्लेंड हे काळं खनिज दिसतं, आणि त्यातल्या स्ट्रॉन्शियम समस्थानिकांचं मूळ गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, म्हणजे प्रावरणाच्या, भूकवचाखालच्या थराच्या, जवळचं. भारत आणि आशियामधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत होता, तेव्हाचा हा शिलारस; बराचसा ५ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. गंगोत्रीजवळच्या शिवलिंग शिखराच्या पांढुरक्या ग्रॅनाइटात मात्र पांढरा अभ्रक नि टूर्मलीन ही खनिजं, गुणोत्तर ०.७४ च्या वर. टक्करीने भूकवच जाड झालं आणि भारताचेच जुने गाळाचे खडक खोलवर वितळले, त्याची ही खूण.

ज्योतिषाच्या टोमण्यात थोडं तथ्य आहे. १९८४ पासून रुबिडियम, यिट्रियम, नायोबियम यांचे आलेख मांडून ग्रॅनाइट भूपट्टांच्या कुठल्या हालचालीतून आला ते ठरवतात. पण शिलारस मूळ खडकाचे गुण घेऊनच येतो, त्यामुळे नुसत्या आलेखावर भिस्त ठेवली तर फसगत होते. म्हणून टक्करीचा काळ ठरवणं नुसत्या ग्रॅनाइटवर सोडलेलं नाही. लडाखच्या झंस्करमधले सागरी गाळाचे थर साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी संपतात, आणि त्यांचं वय ठरलंय जीवाश्मांवरून.