वहिनी, तुम्ही तर घरच्याच

मी वकील आहे आणि नोटरीचं काम करते. काल रात्री फॅमिली ग्रुपवर माझ्यावरून चर्चासत्र झालं म्हणून ही पोस्ट. तिथेच उत्तर दिलं असतं, पण तिथे मी धाकटी सून, सासूबाई पण ग्रुपवर, आणि तिथे चार ओळींच्या वर काही लिहिलं की लगेच खाली कुणीतरी गणपतीचा फोटो टाकतं. त्यामुळे इथे लिहिते, ज्यांना वाचायचंय ते वाचतील.

झालं असं, नवऱ्याचा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला इथला फ्लॅट विकायचाय, त्यासाठी धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) द्यायचंय. इथल्या एजंटने ड्राफ्ट पाठवला, ह्याने तिकडे प्रिंट काढून सह्या केल्या, स्कॅन केलं आणि मला व्हॉट्सॲप, "वहिनी, कलर प्रिंट काढून शिक्का मारून ठेवा, शुक्रवारी भाऊ घेऊन जाईल." म्हणजे माणूस न्यू जर्सीत, सही पीडीएफमध्ये, आणि मी इथे लिहून देणार की हा इसम आज रोजी माझ्यासमोर हजर होता आणि त्याने माझ्यासमोर सही केली! मी म्हणलं बाबा तिकडे आपल्या कॉन्सुलेटमध्ये जा, नाहीतर तिथल्या नोटरीसमोर सही करून अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) करून घे, ओरिजिनल कागद कुरिअर कर, आणि कागद इथे पोचला की तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची, ते आम्ही बघतो. एवढं सगळं टाईप केल्यावर उत्तर काय तर "वहिनी, तुम्ही तर घरच्याच, एका शिक्क्यासाठी एवढं?" मग मामी. मग मावशी. मग "शिकलेल्या बायका अशाच असतात" वगैरे.

तर त्या एका शिक्क्याबद्दल.

पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का असतो तो, मापसुद्धा नियमात दिलंय. १९५२ चा नोटरी कायदा, १९५६ चे नियम. दहा वर्षं वकिली झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, बायकांना आणि मागासवर्गीयांना सात. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, मग रिन्यूअल. पगार नाही, शिपाई नाही. कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, हे आमचं ऑफिस. लोकांना वाटतं ही बाई दिवसभर ठप ठप शिक्के मारते आणि शंभर-दोनशे रुपये घेते, काय ते कष्ट. ठीक आहे. पण त्या ठप चा अर्थ लोकांना जो वाटतो तो नसतोच.

लोकांना वाटतं नोटरी केली म्हणजे कागद पक्का झाला, आतलं सगळं खरं झालं. अहो नाही. आत काय लिहिलंय ते खरं आहे असं मी कुठे म्हणते? मी एवढंच सांगते की हा माणूस हाच आहे, तो समोर आला, त्याने शपथेवर सांगितलं आणि सही केली. बास. पण ह्या एवढ्याशाच गोष्टीवर कोर्ट विश्वास ठेवतं. मुखत्यारपत्राचं तर पुराव्याच्या कायद्यातच आहे, नोटरीसमोर झालेलं असेल तर ते रीतसर झालंय असं कोर्ट आधी धरून चालतं, खोटं आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्याचं घर त्याच्या नकळत गेलं तर त्याला माझ्या शिक्क्याशी भांडावं लागणार. हे डोक्यात असलं की हात आपोआप जड होतो.

माझा जड झाला तो आठ-नऊ वर्षांपूर्वी. रात्री नऊला फोन, ओळखीच्या वकिलाचा, मला बरेच सीनियर, त्यांनी मला सुरुवातीला खूप कामं दिलेली त्यामुळे नाही म्हणायची सोयच नाही. म्हणाले, "आपलीच पार्टी आहे, आजोबा ॲडमिट आहेत, पॉवर करायचीय, अंगठा घ्यायचाय, पाच मिनिटांचं काम." गेले. रजिस्टर (केलेल्या कागदांची माझी नोंदवही) पिशवीत, शाईचं पॅड पर्समध्ये, रिक्षाने. खोलीत दोन मुलं, एक सून, दाराबाहेर एक जावई येरझाऱ्या घालतोय पण आत कुणी घेत नाहीये. आजोबा डोळे मिटून, नाकात नळी. मी विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?" मोठा मुलगा म्हणाला, "त्यांना बोलायला त्रास होतो, मी सांगतो ना." म्हणलं तुमचं नाव नाही विचारलं. आजोबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, परत मिटले. मी अंगठ्यासाठी हात हातात घेतला तर डाव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला निळी शाई. कुणीतरी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली, पण नखाच्या खाचेतली निघत नाही ती. म्हणजे माझ्या आधी कुठल्यातरी कागदांवर अंगठे घेऊन झाले होते आणि मला फक्त शिक्क्यासाठी बोलावलं होतं.

मी पॅड परत पर्समध्ये ठेवलं. म्हणलं डॉक्टर लिहून देणार असतील की पेशंट पूर्ण शुद्धीत आहे, तर उद्या सकाळी येते. सून एकदम गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, फी वाढवून देतो की." आणि धाकटा मुलगा दारात उभा राहिला. आडवा नाही आला, नुसता उभा राहिला. त्या दोन-तीन सेकंदांत काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली, मी तिच्याबरोबर बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर हात थरथरत होते. सीनियर नंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. कामं बंद झाली ती झालीच.

गुंडापुंडांची भीती असते, नाही असं नाही, पण ते वर्षातून एखादवेळा येतात. रोज येतात ते ओळखीचे. आपल्याकडे म्हणतात ना भीड भिकेची बहीण, आमच्या धंद्यात ती कोठडीची पण बहीण आहे. "मॅडम, पार्टी गाडीत बसलीय, गुडघे दुखतात, मी सही घेऊन आलो." "ताई, आई गावाला आहे, तिची सही मी हुबेहूब करतो" (हे एक जण खरंच अभिमानाने म्हणाला). "तारीख जरा मागच्या महिन्याची टाका ना." मागच्या महिन्याची कशी टाकू? रजिस्टरला अनुक्रम नंबर असतात, नंतरच्या नंबराला आधीची तारीख कशी घुसवणार, मध्ये एक ओळ रिकामी सोडून ठेवतात काही जण ह्याच कामासाठी, तेही माहितीय सगळ्यांना, आणि ते पकडले जातात तेव्हा आम्ही सगळेच चोर ठरतो.

रजिस्टरवरून आठवलं. पोलीस स्टेशनचं समजपत्र आलं होतं एकदा, सहा वर्षांपूर्वी केलेल्या एका हक्कसोडसंबंधी (मालमत्तेतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या) प्रतिज्ञापत्रावरून. तिघा भावांच्या सह्या, त्यातला मोठा म्हणे त्या दिवशी मुंबईत ड्युटीवर, इथे आलाच नव्हता. मग माझ्यासमोर जो बसला होता तो कोण? आधार कार्डाच्या कलर झेरॉक्सवर फोटो दुसऱ्याचा चिकटवलेला, नाव-पत्ता बरोबर, आणि मी तेव्हा झेरॉक्सवर भागवलं होतं. चूक माझीच. ओळख पटवणाऱ्या वकिलाने "मला सांगितलं म्हणून मी फक्त सही केली" असं सांगून हात वर केले. चार वेळा स्टेशनला गेले, तासन् तास बाकड्यावर. नोटरी कायद्याचं कलम १३ आहे आम्हाला, नोटरीच्या कामाबद्दल सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही, ते सगळं मला पाठ आहे. पण ते कोर्टाचं झालं, बाकड्यावर बसताना कुणी कलम विचारत नाही. आणि सरकारकडे गैरवर्तनाची तक्रार गेली तर त्याची चौकशी वेगळी, नोटऱ्यांच्या सरकारी यादीतून नाव काढू शकतात. वाचले ते फक्त माझ्या रजिस्टरमुळे. त्यात त्या तोतयाची सही होती आणि अंगठाही होता, कारण अंगठा घ्यायची सवय मला माझ्या पहिल्या सीनियर बाईंनी लावली होती, सही येत असली तरी घे म्हणायच्या. तो अंगठा कुणाचा निघाला ते सांगत नाही, पण घरातलाच होता.

तेव्हापासून मी आधारचा क्यूआर स्कॅन करते, त्यात फोटो दिसतो. लोकांना राग येतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" नाही हो.

लग्नाचा वेगळाच ताप. पोरं पळून येतात, घाबरलेली, पोरीच्या हातात कॉलेजची सॅक, "मॅडम, नोटरीवर लग्न करून द्या." असं काही नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याने लेखीच कळवलंय की नोटरी म्हणजे विवाह अधिकारी नाही, लग्नाचे किंवा घटस्फोटाचे कागद करून दिले तर ते गैरवर्तन धरलं जाईल. मी त्यांना स्पेशल मॅरेज ॲक्टची तीस दिवसांची नोटीस समजावते, ती बिचारी तीस दिवस ऐकूनच रडायला लागते, कारण तीस दिवसात घरचे शोधून काढणार. मग शेडमधलाच दुसरा कुणीतरी पाचशेच्या बाँडवर करून देतो. आणि दोन दिवसांनी पोरीचे काका, मामा गाडी भरून येतात ते मात्र माझ्या टेबलाशी, कारण तिथे चहावाल्याने सांगितलेलं असतं की पोरगी ह्या मॅडमकडे बसली होती. एकदा रजिस्टर हिसकावून घेतलं होतं. पानं उलटून बघितली, नाव नाही दिसलं, तर टेबलावर आपटून गेले. त्यात चहाचा ग्लास सांडला, त्या वर्षाच्या रजिस्टरची बारा पानं अजून पिवळी आहेत.

अकरा महिन्यांच्या भाडेकराराबद्दल लिहायला बसले तर सकाळ होईल. महाराष्ट्रात तो रजिस्टरच करावा लागतो, भाडेनियंत्रण कायदा, कलम ५५, अकरा महिने असो की दोन, आणि नाही केला तर जबाबदारी मालकाची. रोज सांगते. रोज "सगळे तर नोटरीच करतात." आणि गुंठ्याचं तर विचारूच नका, पाचशेच्या बाँडवर नोटरी करून जागा "घेतलेली" माणसं रडत येतात तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण जागा नावावर होण्यासाठी खरेदीखत रजिस्टर व्हावं लागतं हे त्यांना पैसे देताना कुणी सांगितलेलं नसतं. एकाच गुंठ्याचे तीन मालक एकाच दिवशी माझ्या शेडमध्ये भेटलेत एकमेकांना, तिघांकडे तीन नोटऱ्यांचे शिक्के. त्यातला एक शिक्का तर बनावट, त्या नंबरचा नोटरीच नव्हता. रबर स्टॅम्पवाला दोन तासांत करून देतो म्हणे.

असो. मामेभावाला आज सकाळी परत मेसेज केला, कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट कशी घ्यायची त्याची लिंक दिली. ब्लू टिक आलीय. मामींनी ग्रुपवर "ज्याचे त्याला" असं स्टेटससारखं काहीतरी टाकलंय, ते मला आहे असं दिसतंय.

उद्या सोमवार. ज्यांना गॅप सर्टिफिकेटची (शिक्षणात मध्ये खंड पडल्याची) अफिडेव्हिट करायचीत त्यांनी अकराच्या आधी या, नंतर पोरांची रांग लागते. ओरिजिनल आधार आणा, मोबाईलमधला फोटो चालणार नाही. ज्याची सही त्याला आणा. गुडघे दुखत असतील तर सांगा, मी उठून गाडीपाशी येते. आणि झेरॉक्सवाला दीडला जेवायला जातो तो अडीचशिवाय येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.