‘एव्हरीवन’पुढचं ‘देअर’ खोडू नका

‘इंग्रजी सर्वनामांचे चार पक्के नियम’ असा एक मेसेज घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. मामांनी टाकलेला, म्हणून मी गप्प बसले. काल मात्र भाची वही घेऊन आली. ती इंदूरमधल्या भंवरकुआँला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते. तिनं आधी लिहिलं होतं, ‘इफ अ स्टुडंट लूझेस देअर हॉल तिकीट, दे शुड इन्फॉर्म द ऑफिस.’ बरोबर वाक्य. मेसेज वाचून तिनं ‘देअर’वर काट मारली, वर ‘हिज’ लिहिलं, आणि पुढचं ‘दे’ तसंच राहिलं. सर्वनामं जुळवायला गेली आणि जुळलेलं वाक्य मोडून बसली.

मेसेज म्हणतो, ‘एव्हरीवन’पुढे ‘हिज’च हवं, एका माणसासाठी ‘दे’, ‘देअर’ हे अमेरिकेतलं दहा वर्षांतलं खूळ आहे. साफ खोटं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या वापराचा दाखला १३७५चा आहे, ‘विल्यम अँड द वेअरवुल्फ’ या काव्यातला. साडेसहाशे वर्षं होत आली!

पुढे लिहिलंय, एकाला अनेकवचन लावणं तर्काला सोडून आहे. हे मराठी माणसानं पुढे पाठवावं? आपण ‘बाबा आले, ते जेवले’ म्हणतो. बाबा किती आहेत? ‘बाबा आले आणि तो जेवला’ असं बोलून बघा घरात. इंग्रजीतलं ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनच, एकवचन ‘दाऊ’ होतं, ते मागे पडलं. म्हणून तर एकट्या माणसालाही ‘यू आर’ म्हणतात.

सगळ्यात घातक तिसरा नियम: ‘मनात मराठी वाक्य करा, सर्वनाम आपोआप जुळेल.’ नाही जुळत. ‘प्रत्येकानं आपलं पुस्तक आणावं’ यातलं ‘आपलं’ पुस्तकाप्रमाणे बदलतं. आणणारा मुलगा की मुलगी, याचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्रजीतलं ‘हिज’ किंवा ‘हर’ मालकावरून ठरतं. म्हणूनच ‘तो आणि त्याची बहीण’ याचं मुलं ‘ही अँड हर सिस्टर’ करतात. ‘ची’ कानात राहतं, ‘त्या’ निसटतं. शिकवण्या घेताना मी वर्षानुवर्षं हीच चूक दुरुस्त करतेय, आणि हा मेसेज नेमकी तीच शिकवतोय.

उरलेला नियम म्हणतो, ‘वन’नं सुरुवात केली की पुढे फक्त ‘वन’, ‘वन्स’च हवं. त्यात थोडं खरं आहे, ते मानते. ‘इफ वन वर्क्स हार्ड, यू विल पास’ ही सरमिसळ चूकच. ‘वन’पुढे फक्त ‘वन्स’ हा मात्र ब्रिटिश रिवाज. अमेरिकेत ‘हिज’ही चालतं. आणि हो, जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांवर बेतलेल्या परीक्षेत ‘एव्हरीवन’पुढे ‘हिज’ हेच उत्तर धरतात. तिथं पर्याय बघून खूण करा. स्वतःच्या पत्रात, निबंधात ‘देअर’ लिहिलंत तर पुढे ‘दे’ ठेवा, ‘हिज’ लिहिलंत तर ‘ही’.

मामा, ग्रुपवर तुम्ही सगळ्यांत मोठे. दुरुस्ती तुमच्याच हातून गेली तर मुलं ऐकतील. रविवारच्या आत टाका, भाचीचा पेपर आहे.