डॅशबोर्ड हिरवा होता, रिपोर्ट मात्र अडकले होते

इंदूरच्या मराठी व्यावसायिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘क्लाउडवर गेलात की सर्व्हर पडायची चिंता मिटली. कंपनी 99.99 टक्के हमी देते. डॅशबोर्ड हिरवा म्हणजे सगळं ठीक. पडलंच तर पैसे परत. मग मॉनिटरिंगवर वेगळा खर्च कशाला?’ तो वाचून रामबागेतल्या एका काकांनी मला त्यांच्या सर्व्हरचं मॉनिटरिंग, म्हणजे त्यावर सतत नजर ठेवणारी व्यवस्था, बंद करायला सांगितलं. म्हणून हे लिहितोय.

आधी हमी. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटूवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हर-मशीनांच्या सेवेवर, 99.99 हा आकडा लागू होतो तो मशीन किमान दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटा सेंटरांमध्ये, असतील तर. एकट्या मशीनला हमी आहे 99.5 टक्क्यांची. 30 दिवसांच्या महिन्यात पहिल्या हिशोबाने साधारण सव्वाचार मिनिटं बंद राहिलं तरी हमी मोडत नाही, दुसऱ्याने 3 तास 36 मिनिटं. काकांचं मशीन एकच आहे.

हिरव्या डॅशबोर्डचा अनुभव मी स्वतः घेतलाय. रंगपंचमीचा दिवस, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, आणि एका पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला: रिपोर्ट चढत नाहीत. गर्दीतून कसाबसा बाहेर पडलो, एका दुकानाच्या ओट्यावर बसून रंगलेल्या हातांनी लॅपटॉप उघडला. अ‍ॅमेझॉनच्या कन्सोलवर, म्हणजे त्याच हिरव्या डॅशबोर्डवर, मशीन ‘रनिंग’, स्टेटस चेक दोन्ही पास, सीपीयू 4 टक्के. लॉगिनचं पानही उघडत होतं. शेवटी आत शिरून डिस्क बघितली तर 100 टक्के भरलेली. डीबग लॉग, म्हणजे चुका शोधायला केलेली बारीकसारीक नोंद, मीच चालू ठेवला होता, त्याने सगळी जागा खाल्ली आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस लिहायचं थांबला. पेशंट बाहेर बाकावर बसून होते. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, हे मशीनमध्ये क्लाउडवॉच एजंट हा छोटा प्रोग्रॅम बसवल्याशिवाय कन्सोलवर दिसतच नाही, आणि मी तो बसवला नव्हता.

कंपनीच्या स्टेटस पानावर विसंबणंही धोक्याचं. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनचं एसथ्री, म्हणजे फायली साठवायची सेवा, अमेरिकेत कोलमडलं, तेव्हा ते पानच एसथ्रीवर अवलंबून असल्यामुळे बराच वेळ बदलता आलं नाही.

राहिले पैसे. मिळतं ते पुढच्या बिलातलं क्रेडिट, तेही बंद पडल्याच्या तारखा, वेळा आणि लॉग देऊन मागितलं तर. मॉनिटरिंगच नसेल तर वेळा कुठून आणणार? आणि लॉगने भरलेली डिस्क हा कंपनीचा दोषच नाही, तिथे क्रेडिटचा प्रश्नच येत नाही.

आता त्या लॅबसाठी बाहेरच्या एका मशीनवरून दर मिनिटाला खरं लॉगिन होतं, एक खोटा रिपोर्ट चढतो आणि पुसला जातो. लागोपाठ दोनदा फसलं की माझा फोन वाजतो. डिस्कचा अलार्म 80 टक्क्यांवर आहे.

काका, तुमच्याकडेही हेच लावलंय. रात्री वाजला तर माझाच फोन वाजेल, पण बंद करा म्हणू नका.