दुर्बिणीतून बघा, पण तिथेच थांबा

मासिक पाळीच्या रजेचा वाद आपल्याकडे दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही, त्यासाठी वेगळी पगारी रजा नको. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न आहे असं सांगून चेंडू मंत्रालयाकडे टोलवला. सक्तीची रजा लावली तर बायकांना नोकरीवर घ्यायलाच लोक कचरतील, ही भीतीही बोलून दाखवली. मग २०२५ मध्ये कर्नाटकने महिन्याला एक दिवस पगारी रजा मंजूर केली. मी हे सगळं ब्रिटनमध्ये बसून वाचते. वाद महत्त्वाचा आहे यात शंका नाही, पण माझं दुखणं त्यात कुठेच बसत नाही. ते कॅलेंडर बघून येत नाही.

सहा महिन्यांहून जास्त काळ ओटीपोटात दुखत राहिलं, मग ते सतत असो की येऊन-जाऊन, की डॉक्टर त्याला दीर्घकालीन म्हणतात. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने छापलेल्या मार्गदर्शिकेनुसार सहापैकी साधारण एका प्रौढ बाईला हा त्रास असतो. म्हणजे माझ्या ऑफिसात, माझ्या मजल्यावर, माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी असणार. पण यावर कुणी बोलत नाही. 'पोट बिघडलंय' म्हणतात आणि गरम पाण्याची पिशवी टेबलाखाली सरकवतात.

माझी सोनोग्राफी स्वच्छ होती, रक्ताच्या तपासण्या स्वच्छ होत्या, आणि दुखणं होतं तिथेच होतं. तेव्हा दुर्बिणीने पोटात बघायचं, म्हणजे लॅप्रोस्कोपी करायचं ठरलं. ही बातमी घरी कळवली आणि मावसबहिणीचा फोन आला. "अगं, इथे असतीस तर सोमवारी सोनोग्राफी, गुरुवारी दुर्बीण, शनिवारी घरी! तिकडे कसली वाट बघत बसतेस?"

ताईचं म्हणणं खोडून काढता येत नाही. इंग्लंडमध्ये शंभरातल्या ब्याण्णव रुग्णांचे उपचार अठरा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा सरकारी निकष आहे आणि २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलत्याच जागी वाढतं त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. ओटीपोटाच्या दुखण्यात पहिला संशय बहुधा त्याचाच असतो. त्याचं निदान व्हायला ब्रिटनमध्ये सरासरी आठ वर्षं दहा महिने लागतात, असं एंडोमेट्रिऑसिस यूके या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात इथल्या संसदेच्या एका समितीने अहवालात स्पष्ट लिहिलं की बायकांचं दुखणं डॉक्टरांकडून झटकून टाकलं जातं. तेव्हा 'तिकडे बघा कसं सगळं शिस्तीत' असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं.

पण इथली सगळीच वाट बघणं म्हणजे हेळसांड नव्हे. पूर्वी एंडोमेट्रिऑसिसचं खरं निदान लॅप्रोस्कोपीनेच होतं असं मानत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने, एश्रेने, २०२२ मध्ये ते बदललं. आधी चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आधी हार्मोनच्या गोळ्यांनी फरक पडतो का ते बघा. तपासण्यांत काही दिसलं नाही, किंवा गोळ्या लागू पडल्या नाहीत, किंवा घेता येत नाहीत, तर दुर्बीण घाला. कारण हे 'छोटंसं' असलं तरी ऑपरेशनच आहे. पूर्ण भूल देतात, बेंबीपाशी छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, खाली आणखी एकदोन छेद घेतात. आतडं, मूत्राशय किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावण्याचा, म्हणजे गंभीर गुंतागुंतीचा धोका हजारी दोनच्या आसपास. धोका कमी आहे, पण शून्य नाही. ताईच्या गुरुवारी ही यादी कुणी वाचून दाखवली असती का, याची मला खात्री नाही.

एका बाबतीत मात्र ताईचे डॉक्टर माझ्यापेक्षा सरस ठरले असते. आपल्याकडे ओटीपोटाचं दुखणं म्हटलं की क्षयरोगाची शंका आपोआप येते. गर्भनलिकांचा क्षय सोनोग्राफीत लपून राहू शकतो. इथे ती शंका मलाच काढावी लागली. डॉक्टरबाई क्षणभर थांबल्या, म्हणाल्या बरोबर आहे, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना त्या तपासणीलाही पाठवायचं त्यांनी फॉर्मवर लिहिलं.

त्या फॉर्मबद्दलच मला खरं बोलायचंय.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जनबाई कॉटपाशी खुर्ची ओढून बसल्या. मी तो मागे गाठी बांधायचा झगा घालून, पायात दाबमोजे चढवून बसलेले. त्यांनी संमतीपत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि एकेक ओळ विचारत गेल्या. एंडोमेट्रिऑसिसचे डाग दिसले तर नमुना घेऊ का? जाळू का, की नुसतं बघून बाहेर येऊ? आतडं चिकटलेलं दिसलं तर आज हात लावणार नाही, ते वेगळं ऑपरेशन आहे. रक्तस्राव झाला तर पोट उघडावं लागेल, ते चालेल ना? आणि अंडाशय? मी म्हटलं, जिवावर बेतलं तरच. त्यांनी मान डोलावली आणि 'अंडाशय काढायचं नाही' असं हाताने लिहून खाली माझी सही घेतली. नवरा तेव्हा खाली पार्किंग शोधत फिरत होता. त्याची सही कुणालाच नको होती.

मला तेव्हा समीरा कोहली खटला आठवत होता. दिल्लीतली ही गोष्ट. मे १९९५, चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, रक्तस्राव थांबत नाही म्हणून दवाखान्यात गेली. निदानासाठी लॅप्रोस्कोपी ठरली. ती भुलीखाली असताना आतून कुणीतरी बाहेर आलं, तिच्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, गर्भनलिका सगळं काढून टाकलं. ती बाई सज्ञान होती आणि थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी थांबणं शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायचं. आईची सही कामाची नाही. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये. आकडा वाचून चीड येते, पण निकाल सोन्यासारखा आहे आणि तो आपल्या देशाचा आहे. परदेशातून शिकायची गरजच नव्हती.

डॉक्टर म्हणतील, एकाच भुलीत दोन्ही कामं झाली तर रुग्णाचाच फायदा. अगदी मान्य. एंडोमेट्रिऑसिसचे डाग दिसले आणि तिथल्या तिथे काढले तर दुसरी भूल वाचते. माझ्या फॉर्मवरही ती परवानगी होतीच. मुद्दा एवढाच की ती आधी मागितलेली होती. 'बघून तर घेऊ' म्हणून आत शिरायचं आणि 'बघितलंच आहे तर काढूनच टाकू' म्हणत बाहेर यायचं, ही खोड मोडायला हवी. आपल्याकडे 'पिशवी काढून टाकली' हे वाक्य किती सहज बोललं जातं!

बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा आपण सगळे हादरलो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तपासणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून गेल्या, पुढे कॅन्सर होईल म्हणून घाबरवलं गेलं, आणि पिशवी गेली. मागे उचल घेतलेली, पुढे मुकादम उभा, आणि खाडा पडला की त्याचे पैसे कापले जाणार. पगारी रजेचा सगळा वाद या बाईपर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी दुखण्यावरची रजा म्हणजे अवयवच काढून टाकणं! पुढे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा नियम बीडमध्ये आला. चांगलं झालं. पण परवानगी साहेबाने द्यायची झाली. तिला स्वतःला काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, हे त्यात कुठे आलं?

माझ्या बाबतीत काय निघालं? काहीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा टाक्यांपेक्षा उजवा खांदा जास्त ठणकत होता. पोटात भरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली अडकतो, आणि पडद्याची नस मानेतून निघते तिथूनच खांद्याचीही संवेदना येते, म्हणून ते दुखतं. हे आधी सांगितलं नसतं तर मी हार्ट अटॅकच समजले असते. सर्जनबाईंनी फोटो दाखवले. गुलाबी, चकचकीत, अगदी पाठ्यपुस्तकातलं गर्भाशय. "सगळं छान आहे."

आई फोनवर म्हणाली, "काही नाही ना निघालं, देव पावला." मावशीने मागून विचारलंच, "मग पोटाला भोकं कशाला पाडून घेतलीस?"

मावशीच्या प्रश्नावर मी चिडले नाही, कारण तो प्रश्न वैद्यकशास्त्रालाही पडलेला आहे. रॉयल कॉलेजची तीच मार्गदर्शिका सांगते की अशा लॅप्रोस्कोपींपैकी एकतृतीयांश ते निम्म्यात काहीच सापडत नाही, आणि जे सापडतं ते दुखण्याचं कारण असेलच असंही नाही. नेदरलँड्समध्ये १९९१ साली एकशे सहा बायकांवर अभ्यास झाला होता. एका गटाची नेहमीसारखी लॅप्रोस्कोपी केली, दुसऱ्या गटात सुरुवातीपासून शरीर, मन, आहार, व्यायाम असं सगळं एकत्र बघितलं. दुखणं जास्त कमी झालं ते दुसऱ्या गटाचं. ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, मूत्राशयाची जळजळ, आतड्याची चिडचिड, वेदनेचे निरोप वाढवून सांगणाऱ्या नसा, यातलं काही दुर्बिणीला दिसत नाही. दुर्बीण पृष्ठभाग बघते. तेव्हा 'काही निघालं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा काढायचा नसतो. माझ्यासाठी तरी हा उपयोगी निकाल होता. क्षय नाही, गाठ नाही, चिकटलेलं नाही, आता स्नायूंकडे बघा.

आणि ब्रिटन नेमकं इथे तोंडावर पडतं. सही घेताना मला माणूस म्हणून वागवणाऱ्या त्याच व्यवस्थेकडून नंतर दोन परिच्छेदांचं पत्र आलं. स्त्रीरोगाच्या दृष्टीने कारण आढळलं नाही, फॅमिली डॉक्टरांकडे परत पाठवत आहोत. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी मला मीच शोधून काढावी लागली आणि तिची रांग पुन्हा वेगळी. दुर्बिणीत काही न सापडलेल्या बायकांना इथे गॅबापेंटिन नावाची नसांवरची गोळी सर्रास दिली जायची. २०२० मध्ये ब्रिटनमधल्याच ३०६ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कळलं की ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरत नाही, उलट घेरी आणि गुंगी वाढते. पत्र लिहिणाऱ्यांकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे मला समजतं. पण तसं पत्रात लिहिता आलं असतं. आपल्याकडे निदान 'मूल झालं की थांबेल' म्हणून तरी समजूत काढतात. चुकीची समजूत, पण दार लावून घेत नाहीत.

आता समीरा कोहली निकालातली मला खुपणारी बाजू. त्याच निकालात न्यायालयाने विचार केला होता की अमेरिकेसारखं रुग्णाला सगळे धोके, सगळे पर्याय सांगणं आपल्याकडे बंधनकारक करावं का. उत्तर आलं, नको. आपले बहुसंख्य रुग्ण गरीब, कमी शिकलेले, त्यांना वैद्यकीय भाषा कळायची नाही, म्हणून इंग्लंडमधलीच कसोटी बरी. इतर जबाबदार डॉक्टर जेवढं सांगतात तेवढं सांगितलं की पुरे. सात वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात सांगण्याबाबतची ती कसोटी मोडीत काढली. डॉक्टर काय सांगतात हा प्रश्न नाही, त्या रुग्णाला काय जाणून घ्यावंसं वाटेल हा प्रश्न आहे. माझ्या मांडीवरचा तो फॉर्म त्या निकालाचं फळ होता. आपल्या निकालात मात्र जुनी इंग्रजी फूटपट्टी तशीच छापलेली आहे. आणि तिच्या बाजूने दिलेलं 'त्यांना कळायचं नाही' हे कारण बीडच्या बाईला सगळ्यात महागात पडतं.

सरकारी ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर बायका उभ्या असतात, तिथे प्रत्येकीला एवढा वेळ कुठून देणार, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण सगळं डॉक्टरनेच बोलायला हवं असं थोडंच आहे? आदल्या दिवशी सिस्टरने समजावलं तरी चालेल. अजूनही कित्येक ठिकाणी इंग्रजीत छापलेल्या संमतीपत्रावर अंगठा घेतात, त्याऐवजी एक पानभर साधं मराठी चालेल: आत काय बघणार, काय सापडलं तर काय करणार, काय सापडलं तरी काढणार नाही, आणि काहीच सापडलं नाही तर पुढची तारीख कोणती.